अकरा महिने, चौदा हजार किलोमीटर आणि एक टोचणारं रडार

गाडी घेताना डोळा फक्त टर्बो इंजिनावर होता. अ‍ॅडास, म्हणजे आपोआप लागणारा ब्रेक, लेन असिस्ट आणि अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ (ठरवलेला वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपोआप राखणारं) हे लटांबर त्या व्हेरिअंटबरोबर पदरात पडलं. वीस वर्षं क्लच-गिअर केलेल्या माणसाला ही भानगड हवी कशाला, म्हणून पहिल्याच आठवड्यात मेन्यूत शिरून जे जे बंद करता येईल ते बंद करून टाकलं. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिलंय ते हे फीचर असलेल्या बहुतेक गाड्यांना लागू पडेल.

इंजिनाचं आधी उरकतो. 1,800 आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) खाली लॅग जाणवतो, म्हणजे पाय दाबला तरी ओढ उशिरा येते, त्यापुढे मात्र मस्त ओढ आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गुळगुळीत आहे, पण घाट उतरताना त्याच्या भरवशावर राहू नये. स्टेअरिंगमागच्या पॅडलने स्वतः खालचा गिअर टाकायचा, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो आणि पायथ्याशी पोहोचेपर्यंत चाकांपाशी जळका वास येतो. मायलेज शांतपणे चालवली तर 16, माझ्या पायाने 12.

आता मूळ मुद्दा. तिसऱ्या महिन्यात एका लांबच्या प्रवासात कंटाळा आला म्हणून अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ लावून पाहिलं. यात पुढच्या गाडीपासूनचं अंतर निवडायला स्टेअरिंगवर बटण असतं, स्क्रीनवर त्याच्या रेघा दिसतात. मी सगळ्यात कमी, एकच रेघ ठेवली. तरी गाडी इतकी मागे राहिली की मला राग आला. हे काय, मध्ये ट्रक मावेल! क्रूझ बंद केलं, नेहमीसारखा पुढे सरकलो, आणि दोनच मिनिटांत समोरच्या धडकेची सूचना वाजली. मग परत. त्या प्रवासात ती किती वेळा वाजली ते मोजायचं मी सोडून दिलं.

घरी येऊन चिडून कागद घेतला. 100 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते. डोळ्याने बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे 42 मीटर नुसते विचारात गेले. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरवर पुढचे साधारण 40 मीटर थांबायला. एकूण 82. हेच 80 च्या वेगात 59 मीटरमध्ये संपतं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण 80 वाली गाडी जिथे पूर्ण थांबते, तिथे 100 वाली अजून किती वेगात असते? तेच आकडे मांडले तर सुमारे 75! हे मी दोनदा करून पाहिलं, कारण पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. मी मात्र पुढच्यापासून दहा-पंधरा मीटरवर चालत होतो आणि त्याला 'कंट्रोल' म्हणत होतो.

आठव्या महिन्यात पावसात एका टेम्पोने समोर कचकन ब्रेक मारला. तेव्हा अंतर दोन रेघांचं होतं. पेडल पायाखाली थरथरलं (एबीएसचं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं काम चालू आहे, पाय उचलायचा नाही), गाडी सरळ रेषेत थांबली आणि मध्ये बऱ्यापैकी जागा उरली. आपोआप ब्रेक लागण्याची वेळच आली नाही. श्रेय निम्मं अंतराला, निम्मं टायरला. जुन्या गाडीत मी टायर 1.6 मिलिमीटरच्या खुणेपर्यंत रेटायचो. कायद्याला ते चालत असेल, पण साचलेल्या पाण्यात एवढी उथळ खाच पाणी बाहेर फेकू शकत नाही आणि टायर तरंगायला लागतो. चारही टायर मिळून रस्त्याला टेकलेली जागा चार तळहातांएवढी असते. अ‍ॅलॉयच्या डिझाइनवर तासभर वाद घालणारे आम्ही लोक महिनोन्‌महिने गार टायरमधली हवा बघत नाही.

आता तक्रारी. पुढची गाडी ओळखणारं या सिस्टिमचं रडार थांबलेल्या गाडीच्या बाबतीत कच्चं आहे. खांब, पाट्या, पुलाचे कठडे यांच्याकडूनही सिग्नल परत येतात, म्हणून जास्त वेगात स्थिर वस्तू पुष्कळ सिस्टिम गाळून टाकतात. मॅन्युअलमध्ये तसं स्वच्छ छापलेलं असतं, वाचतं कोण? उलट एकदा वळणावर, कडेला उभ्या ट्रकला पाहून गाडीने स्वतःच ब्रेक लावला आणि मागचा माझ्या डिकीत यायचा राहिला. असल्या सिस्टिमला 'लेव्हल 2' म्हणतात, म्हणजे गाडी मदत करते, जबाबदारी पूर्ण तुमची. हात सोडून व्हिडिओ काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

लेन असिस्ट मी कायमचं बंद ठेवलंय. रेघा पुसल्या की ते गोंधळतं, खड्डा चुकवायला गेलं की स्टेअरिंग उलटं ओढतं. आणि एसीचा पंखा टचस्क्रीनमध्ये घालणाऱ्या इंजिनिअरला एकदा धुकटलेल्या काचेमागे बसवायला हवं. पंखा दोन पायऱ्या वाढवायला तीनदा बोट लावावं लागतं, तोवर नजर रस्त्यावर नसते. याला मी सुरक्षित गाडी म्हणणार नाही, तिला क्रॅश टेस्टमध्ये कितीही तारे मिळोत.

क्रूझचं अंतर आता दोन रेघांवर कायम आहे. मधल्या जागेत कोणी ना कोणी घुसतोच. घुसू दे, मी पुन्हा थोडा मागे येतो, पोहोचायला फार तर दोन-चार मिनिटं उशीर होतो. पूर्वी शेजारच्या सीटवर बायको दर थोड्या वेळाने पाय पुढे दाबायची, जणू तिच्याकडेही ब्रेक आहे. मी तो तिचा घाबरट स्वभाव समजायचो. गेल्या तीन-चार प्रवासांत ती चक्क झोपली.