ऑपरेशन्स शिकवायला प्रोजेक्ट आणि गोष्टी: आठ महिन्यांनंतरचा माझा अनुभव

आठ महिने, दोन सेमिस्टर, दोन बॅचेस. एवढं वापरून झाल्यावर लिहितेय, त्यामुळे सुरुवातीचा उत्साह म्हणून वाचू नका. मी ऑपरेशन्स मॅनेजमेंट शिकवते, म्हणजे रोजचं काम कसं चालतं, कुठे अडतं आणि नीट कसं करायचं याचा विषय, आणि बरीच वर्षं केस स्टडी आणि स्लाइड्सवरच भागवलं. केस स्टडी वाईट नाही, पण त्यात आकडे आधीच गोळा करून हातात दिलेले असतात, आणि खऱ्या कामात निम्मी मेहनत तर आकडा मिळवण्यातच जाते, कोण मोजणार, कुठे उभं राहून मोजणार, आणि आपण मोजतोय म्हणून समोरचा माणूस बिचकणार नाही ना, हे सगळं.

पद्धत साधी आहे. पाच-सहा जणांचा ग्रुप, एक लोकांनी चालवलेला उपक्रम, बारा आठवडे. शेवटी रिपोर्टच्या जागी एक गोष्ट सांगायची, उपक्रम चालवणाऱ्यांसमोर, त्यांना कळेल अशा भाषेत.

एक उदाहरण नीट सांगते कारण माझं मत त्यावरूनच बनलं. एक ग्रुप गेला होता आजारी माणसांना व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या वापरायला देणाऱ्या केंद्रात. तिथे एक बाई आईसाठी व्हीलचेअर मागायला आल्या, ऑपरेशन होऊन आई घरी येणार होती, आणि त्यांना सांगितलं की शिल्लक नाही. मागच्या खोलीत मात्र व्हीलचेअर होत्या, परत आलेल्या, पुसायच्या आणि तपासायच्या राहिलेल्या. केंद्रातले लोक मनापासून म्हणत होते की वस्तू दोन-तीन दिवसांत पुन्हा बाहेर जाते. पोरांनी काही आठवडे रोज खोलीतल्या वस्तू मोजल्या, सरासरी नऊ निघाल्या, आणि आठवड्याला साधारण सहा वस्तू परत येत होत्या आणि तेवढ्याच बाहेर जात होत्या. नऊ भागिले सहा, म्हणजे दीड आठवडा! हा लिटलचा नियम, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला, आत असलेली संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत घालवलेला वेळ. मी तो दरवर्षी फळ्यावर लिहायचे आणि परीक्षेनंतर मुलं दरवर्षी विसरायची. या बॅचमधला एकही जण विसरलेला नाही, कारण त्यांच्यासाठी तो दीड आठवडा म्हणजे त्या बाईंची आई आहे.

कारण शोधलं तर तपासणी फक्त शनिवारी, एकाच माणसाकडून, आणि कुबडीच्या टोकाचं रबरी बूच संपलं की सगळं तिथेच अडकायचं. मग बुचांचा थोडा साठा ठेवला, किती उरली की मागवायची ते ठरवलं, आणि वस्तू परत घेताना काउंटरवरच तपासायला सुरुवात केली. बॅच साइज (एका वेळी किती वस्तू हातात घ्यायच्या), बॉटलनेक (काम जिथे अडतं ती जागा), रिऑर्डर पॉइंट (किती उरलं की मागवायचं), तीन धडे एकाच खोलीत झाले. आता तिथे तीन-चार वस्तू पडून असतात.

गोष्टीतून ऑपरेशन्स शिकवणं काही नवीन नाही, एलियाहू गोल्डरॅट यांची ‘द गोल’ ही कारखान्यावरची कादंबरी १९८४ ची आहे. फरक एवढाच की इथे गोष्ट मुलांनी स्वतः शोधलेली असते.

आता त्रास कुठे झाला ते. पहिल्या बॅचच्या गोष्टी ऐकताना मला बेचैन व्हायला लागलं, कारण जवळजवळ प्रत्येक गोष्टीत एक आळशी माणूस होता ज्याच्यामुळे सगळं अडलं, आणि शेवटी आमची मुलं येऊन सगळं ठीक करतात. गोष्ट म्हटलं की खलनायक येतोच, पण ऑपरेशन्समध्ये तो बहुतेक वेळा खोटा असतो. गुणवत्ता व्यवस्थापनातले अमेरिकन तज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग आयुष्यभर हेच सांगत राहिले की दोष बहुतांशी सिस्टीमचा असतो, माणसाचा नाही. त्या शनिवारी येणाऱ्या काकांनाच एका मसुद्यात दोषी धरलं होतं, जे स्वतःची सुट्टी घालवून काम करत होते, आणि ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. दुसऱ्या बॅचपासून तीन नियम केले. गोष्टीत खलनायक नाही, मोजलेला एक तरी आकडा हवा, आणि ज्याची गोष्ट आहे त्याला आधी वाचून दाखवायची, त्याने नको म्हटलं तर ती सांगायची नाही. गोष्टींची पातळी या नियमांनीच वर गेली.

दुसरी चूक माझी. पहिल्या बॅचने केंद्रासाठी छान एक्सेल शीट बनवली, सेमिस्टर संपलं, मुलं गेली, आणि महिन्याभरात शीट बंद पडली कारण तिथे ती कोणी वापरूच शकत नव्हतं. लोकांनी आपल्याला वेळ दिला, प्रश्नांची उत्तरं दिली, आणि त्यांच्या हातात काही उरलं नाही, हे मला पटत नाही. आता शेवटचे दोन आठवडे फक्त सोपवण्यासाठी ठेवते आणि त्यालाही मार्क आहेत.

सगळं यातून शिकवता येत नाही. लिनिअर प्रोग्रॅमिंग (मर्यादित साधनं कशी वाटायची याचं गणित), फोरकास्टिंगची म्हणजे पुढच्या मागणीच्या अंदाजाची गणितं मी अजून फळ्यावरच घेते, उपक्रमातला डेटा तेवढा नसतोच. आणि वर्गात साठ मुलं असतील आणि तुम्ही एकट्या असाल तर दहा ठिकाणी फोन करणं, वेळा जुळवणं, हे शिकवण्याइतकंच मोठं काम होऊन बसतं. मला दोन ज्युनिअर मिळाले म्हणून जमलं, नाहीतर मी चारच ग्रुप केले असते.

एक्सेलच्या जागी केंद्रात आता एक वही आहे, तीन रकाने, वस्तू परत कधी आली, तपासली कधी, बाहेर गेली कधी. मागच्या आठवड्यात गेले होते तेव्हा बघितलं, नोंदी चालू आहेत, त्याच शनिवारवाल्या काकांच्या अक्षरात. तिसरी बॅच त्या वहीपासूनच सुरुवात करणार आहे.