पीव्हीलिब : विसरित प्रकाशाचा हिशोब उघडपणे मांडणारी लायब्ररी

सौर प्रकल्पाच्या वार्षिक वीजनिर्मितीचा अंदाज बांधताना विसरित प्रकाशाकडे आपल्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. सूर्यबिंबाकडून सरळ न येता ढग, धूळ आणि हवेतील रेणूंवरून विखरून आकाशाच्या सर्व बाजूंनी पॅनेलवर उतरणारा हा प्रकाश आहे आणि पावसाळ्याच्या ढगाळ दिवसांत महाराष्ट्रातील छतांवर जी काही वीज तयार होते ती मुख्यतः त्याच्याच जोरावर होते. त्यामुळे सौर वीजनिर्मितीची गणिते करणाऱ्या पीव्हीलिब या लायब्ररीचे, म्हणजे पायथन या संगणकभाषेतील तयार फंक्शनांच्या संचाचे, परीक्षण मी एवढ्या एकाच प्रश्नाच्या अंगाने करीत आहे.

अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमधील साधनसंचातून ही लायब्ररी पुढे आली. ती विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे. तिचा मोठा गुण असा की प्रत्येक मॉडेलचे सूत्र डोळ्यांसमोर असते आणि ते कोणत्या शोधनिबंधातून घेतले हेही तिथेच नोंदवलेले असते.

आडव्या पृष्ठावर मोजलेला विसरित प्रकाश कलत्या पॅनेलवर किती पडेल, या प्रश्नाला लायब्ररी अनेक उत्तरे देते. सर्वांत साधे उत्तर समदिक आकाशाचे, म्हणजे संपूर्ण आकाश सारखेच उजळ आहे असे मानण्याचे. त्यात २० अंश कललेल्या पॅनेलला आडव्या पृष्ठाच्या सुमारे ९७ टक्के विसरित प्रकाश मिळतो. पण निरभ्र दिवशी सूर्याभोवतीचे आकाश बाकीच्या आकाशापेक्षा कितीतरी उजळ असते आणि हे वास्तव ‘हे-डेव्हिस’ (Hay-Davies) नावाचे मॉडेल लक्षात घेते. पुण्यातील जानेवारीच्या मध्याची दुपार घ्या : थेट प्रारण (सूर्याकडून सरळ येणारी ऊर्जा, किरणांना लंब पृष्ठावर मोजलेली) दर चौरस मीटरला ७०० वॅट, विसरित १०० वॅट आणि पॅनेल दक्षिणेकडे २० अंश कललेले. समदिक मॉडेल पॅनेलवर ९७ वॅट विसरित प्रकाश दाखवते, तर हे-डेव्हिस सुमारे ११० वॅट. ढगाळ दिवशी मात्र थेट प्रारण जवळजवळ शून्य असल्याने हे-डेव्हिस आपोआप समदिक मॉडेलवर येऊन मिळते. म्हणून या दोहोंतील निवडीचा परिणाम आपल्याला आषाढात नव्हे, तर ऑक्टोबर ते मे या काळात दिसतो.

याच ठिकाणी एक गोष्ट मला खटकते. एकूण प्रारण काढण्याचे सुटे फंक्शन वापरले तर मॉडेल न सांगता समदिक मॉडेल लागू होते, आणि संपूर्ण प्रणालीची साखळी बांधणारा मॉडेलचेन हा वर्ग वापरला तर हे-डेव्हिस. दोन्ही डिफॉल्ट दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहेत, तरीही एकाच लायब्ररीच्या दोन दारांतून गेल्यावर एकाच छताचे दोन वेगळे आकडे मिळावेत, हे नवख्या अभियंत्याच्या दृष्टीने योग्य नाही. मॉडेलचे नाव प्रत्येक वेळी स्वतः लिहावे, असा माझा आग्रह आहे.

पेरेझ मॉडेल सूर्याभोवतीच्या तेजाबरोबर क्षितिजालगतच्या उजळपणाचाही विचार करते, पण त्यासाठी ते आकाशाच्या स्वच्छतेचे ८ गट पाडते, आणि एका गटातून दुसऱ्यात जाताना उत्तरात लहान उडी येऊ शकते. नंतर समाविष्ट झालेल्या पेरेझ-ड्रीसे रूपात त्या गटांऐवजी सलग वक्र वापरले आहेत; हा बदल मला मनापासून स्वागतार्ह वाटतो. मूळ पेरेझ मॉडेलसाठी गुणांकांचे जे संच निवडता येतात त्यांत फिनिक्स, अल्बुकर्की, केप कॅनव्हेरल, ऑल्बनी, फ्रान्स अशी नावे आहेत. भारतातील एकही ठिकाण त्यांत नाही.

तथापि आपल्या दृष्टीने खरी अनिश्चितता याच्या आधीच्या पायरीवर आहे. बहुतेक प्रकल्पांवर एकूण प्रारण मोजणारा एकच पायरॅनोमीटर असतो, आणि त्यातला विसरित भाग किती हे अनुमानानेच ठरवावे लागते. लायब्ररीत त्यासाठी १९८२ चे अर्ब्स मॉडेल आहे. वातावरणाबाहेरच्या प्रारणाच्या तुलनेत जमिनीवर २२ टक्के पोहोचले, तर त्यातले सुमारे ९८ टक्के ते विसरित मानते, आणि हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले की सरसकट १६.५ टक्के धरते. हे सूत्र तासाच्या सरासरीसाठी बसवलेले आहे. पावसाळ्यात ढगांच्या कडांमधून ऊन फाकते तेव्हा मिनिटाच्या नोंदीत एकूण प्रारण क्षणभर फार वर जाते. त्या वेळी विसरित भागही बराच असतो, पण अर्ब्स त्याला स्वच्छ आकाश समजून बसते. मिनिटाच्या नोंदी या फंक्शनला जशाच्या तशा देऊ नयेत. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या केंद्रांवर सूर्यामागे फिरणाऱ्या यंत्रणेने थेट आणि विसरित प्रारण वेगवेगळे मोजले जाते. जवळच्या केंद्राच्या नोंदी मिळाल्या तर अनुमानापेक्षा त्याच वापराव्यात.

आणखी दोन मर्यादा कामाच्या आहेत. मॉडेलचेनमध्ये काचेवरून होणाऱ्या परावर्तनाची घट फक्त थेट प्रकाशाला लागते, विसरित प्रकाश पूर्ण आत गेला असे धरले जाते. त्यामुळे पावसाळ्यातील आकडा थोडा फुगतो. विसरित प्रकाशाचीही ही घट काढणाऱ्या मॅरियनच्या पद्धतीचे स्वतंत्र फंक्शन उपलब्ध आहे, पण ते आपण हाताने जोडावे लागते. शिवाय आपल्या गच्च्यांवरील कठडे, जिन्याची खोली आणि पाण्याच्या टाक्या आकाशाचा जो तुकडा झाकतात, त्याचे त्रिमितीय चित्र ही लायब्ररी उभे करत नाही. पॅनेलच्या ओळींनी एकमेकींवर टाकलेल्या सावलीपुरतीच सोय आहे. दाट वस्तीतल्या छतासाठी सावलीचे वेगळे सॉफ्टवेअर लागेलच.

पायथन न येणाऱ्या व्यक्तीला ही लायब्ररी मी सुचवणार नाही. ज्यांना येते त्यांनी आपल्या छताचे एक वर्ष समदिक, हे-डेव्हिस आणि पेरेझ-ड्रीसे या तिन्ही मॉडेलांतून काढावे, आणि ग्राहकाला एकच आकडा देण्याऐवजी तिन्हींमधली तफावत महिन्यावार दाखवावी.