नातीची शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी तपासणी, सात रस्त्याजवळचा मुलांचा दवाखाना

आमच्याकडे शेंगाचटणीशिवाय ताट वाढत नाहीत, आणि दीड वर्षाच्या नातीला चटणीचं बोट लागताच ओठ सुजले. अ‍ॅलर्जीचं औषध डॉक्टरांनी आठवडाभर आधीच थांबवायला सांगितलं होतं. हातावर शेंगदाण्याच्या अर्काचा थेंब ठेवून सुईने नुसतं टोचलं. १५ मिनिटांत गांध उठली. पोरगी रडली ती हात धरून ठेवला म्हणून. अ‍ॅलर्जी जोरात उसळली तर लगेच द्यायचं अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन टेबलावर तयार दिसलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. अंडं ती रोज खाते, म्हणून त्याची चाचणी मात्र त्यांनी केली नाही. नुसत्या पॉझिटिव्ह चाचणीने अ‍ॅलर्जी ठरत नाही, लेकराचं चांगलं अन्न उगाच तुटतं, म्हणाले. फार पटलं मला. बसायला जागा अपुरी आहे. घरी ‘थोडं चाटवून बघू’ करायचं नाही, हे यांनाही बजावलंय.