अ‍ॅडापलीन जेल : पाच महिन्यांच्या वापरानंतर

वयाच्या बत्तिसाव्या वर्षी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मुरुम येऊ लागले, तेव्हा त्यांना ‘तारुण्यपीटिका’ म्हणणाऱ्याचा मला रागच आला. घरातले निदान ठरलेले होते : अंगात उष्णता आहे, पोट साफ होत नाही. त्याप्रमाणे सब्जा पिऊन झाला, जायफळ उगाळून लावून झाले. जायफळाने चेहरा चुरचुरला, एवढेच. अखेर त्वचारोगतज्ज्ञांनी ०.१ टक्का अ‍ॅडापलीन जेल लिहून दिले. या औषधाच्या ट्यूबा अनेक कंपन्यांच्या मिळतात आणि मध्यंतरी कंपनी बदलूनही मला फरक जाणवला नाही, म्हणून हे परीक्षण त्या औषधाचेच समजावे.

अ‍ॅडापलीन हे रेटिनॉइड, म्हणजे जीवनसत्त्व ‘अ’ प्रमाणे पेशींवर काम करणाऱ्या गटातले औषध आहे. मुरुम दिसण्याच्या कित्येक आठवडे आधी त्याची तयारी सुरू झालेली असते : केसाच्या मुळाशी असलेल्या रंध्रात मृत पेशी एकमेकींना चिकटून बूच बसते, त्यामागे त्वचेतले तेल साचते आणि एरवी निमूटपणे राहणारा क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू त्या कोंडलेल्या जागेत वाढून दाह होतो. अ‍ॅडापलीन हे बूच बसू देत नाही. त्यामुळे आज आलेली पुळी त्याने उद्या जिरवावी, ही अपेक्षाच गैर आहे आणि केवळ पुळीवर ठिपका लावण्यालाही फारसा अर्थ नाही. मुरुम येणाऱ्या सगळ्या भागावर ते पातळ पसरावे लागते.

रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, वाटाण्याच्या दाण्याएवढे जेल, आरंभी एक दिवसाआड, अशी मला सूचना होती. दुसऱ्या आठवड्यात नाकाच्या कडेची त्वचा सोलली, गाल लालसर झाले आणि मुरुम घटण्याऐवजी वाढले. माझ्या धाकट्या बहिणीने दोन वर्षांपूर्वी नेमक्या याच टप्प्यावर ट्यूब कचऱ्यात टाकली होती. मी साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर आधी लावून वर जेल लावू लागले, दिवसा सनस्क्रीन चुकवले नाही, आणि पाचव्या आठवड्यात आग थांबली. खरा फरक बाराव्या आठवड्याच्या आसपास दिसला, तोही जुने फोटो शेजारी ठेवल्यावर. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी सकाळसाठी २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड हे जिवाणू मारणारे औषध जोडून दिले. त्याला जिवाणू सरावत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. मात्र ते कापडाचा रंग उडवते, आणि माझ्या दोन गडद टॉवेलांवर त्याचे पांढुरके नकाशे उमटले आहेत.

१५ ग्रॅमची ट्यूब मला दीड-दोन महिने पुरते, त्यामुळे खर्चाबाबत तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबतच्या पत्रकाची. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांतल्या त्या इंग्रजी मजकुरात, गरोदरपणात हे औषध टाळावे, ही सर्वांत महत्त्वाची सूचना शोधावी लागते. मराठीत चार ओळी छापल्या असत्या तर काय बिघडले असते?

दुसरी ट्यूब आणायला गेले, तेव्हा जवळच्या एका दुकानात ‘याने लवकर गुण येतो’ म्हणून वेगळीच क्रीम पुढे करण्यात आली. पाठीमागे वाचले, तर त्यात स्टेरॉइड होते. अशा क्रीमने दाह झटपट ओसरतो, चेहरा उजळल्यासारखा वाटतो, आणि पुढे त्वचा पातळ होऊन स्टेरॉइडमुळेच नवे मुरुम येतात. अमेरिकेत ०.१ टक्का अ‍ॅडापलीन २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. आपल्याकडे चिठ्ठी लागते, आणि तो अनुभव घेतल्यावर मला ती अट जाचक वाटत नाही.

पाचपैकी चार गुण देते; एक त्या पत्रकापायी कापला. नवे मुरुम बरेच कमी झाले आहेत. जुने तपकिरी डाग सावकाश फिके होत आहेत, पण गालावरचा एक खड्डा तसाच आहे आणि तो जेलने भरणार नाही, हे मला आधीच सांगितले होते. पाळीच्या आधी जबड्यावर एखादी दुखरी गाठ अजूनही येते. तिच्यासाठी हार्मोनच्या तपासण्या पुढच्या आठवड्यात आहेत.