पाच तारांचा ॲक्टिव्ह बेस, लग्नसराई ते गणपती: आवाज झकास, बॅटरीने मात्र जीव खाल्ला

बेस म्हणजे बेस गिटार, आणि ॲक्टिव्ह म्हणजे आत बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प असलेला. पाच तारा, चौतीस इंची स्केल (तारेची वाजती लांबी), दोन हंबकर (तारांचा सूर पकडणारे, गुणगुण कमी करणारे पिकअप), तीन बँडचा (बास, मिड, ट्रेबल) प्रीॲम्प, एवढं म्हटलं की या रेंजमधले बरेच बेस डोळ्यासमोर येतात, त्यातलाच एक धरा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण वॉरंटी अजून संपायचीय आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांनी माझा नंबर बहुतेक वेगळ्या नावाने सेव्ह केलाय. दिवाळीनंतर घेतला, लग्नसराई, जत्रा, गणपती सगळं याच्यावर झालं, आता नवरात्राच्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्या सुरू व्हायच्या आत लिहून टाकतो.

आधी पाच तारा का ते सांगतो, कारण दुकानात प्रत्येक जण विचारतो की तुम्हाला मेटल वाजवायचंय का. नाही हो. ऑर्केस्ट्रात वाजवतो. गायक येतो आणि म्हणतो काळी दोन. काळी दोन म्हणजे डी शार्प, आणि चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालचा सूर उघडी ई, म्हणजे जो षड्ज हवा तो अर्ध्या सुराने हातातून निसटतो. मग ए तारेवर सहाव्या पडद्यावर जाऊन एक सप्तक वर वाजवायचं, आणि मागे ढोलकी नि ऑक्टोपॅड सुरू असताना तो सा कुठे लागतच नाही, पोकळ वाटतं. पाच तारांवर तोच सा बी तारेवर चौथ्या पडद्यावर, अंगठा न हलवता. एवढ्या एका कारणासाठी मी जुना चार तारी पॅसिव्ह (बिनबॅटरीचा) विकला, आणि त्याबद्दल काही म्हणणं नाही.

बी तारेबद्दल एक गैरसमज मात्र काढून टाका. उघडी बी म्हणजे एकतीस हर्ट्झच्या आसपास, आणि मंडपातल्या बहुतेक सिस्टीम चाळीसच्या खाली हात टेकतात. तिथे ऐकू येते ती तिची बासष्टवाली वरची छटा, मूळ सूर नाहीच. म्हणून घरी हेडफोनवर पोटात कालवल्यासारखं होतं आणि स्टेजवर नुसतं घूं, असं झालं तर बेसला शिव्या देऊ नका. त्या तारेवर चौथ्या पडद्याच्या खाली मी क्वचितच उतरतो.

आता बॅटरी.

या बेसला नऊ व्होल्टची बॅटरी लागते, ठीक आहे, ॲक्टिव्ह म्हटल्यावर लागणारच. पण ती ठेवलीय कुठे? मागच्या बाजूला, कंट्रोलच्या खड्ड्यात, सगळ्या वायरींच्या गर्दीत, चार स्क्रूंच्या झाकणाखाली. उघडझाप करायचा छोटा बॉक्स नाही, खटका नाही. स्क्रू फिलिप्सचे, लाकडात थेट बसवलेले, म्हणजे जितक्या वेळा काढाल तितकं लाकडाचं भोक सैल होणार. आणि ॲक्टिव्ह-पॅसिव्ह स्विच पण नाही! म्हणजे बॅटरी गेली की बेस गेला, विषय संपला, प्रोग्राम तुम्ही ऑक्टोपॅडवाल्याच्या कृपेवर काढा. म्युझिक मॅन कंपनीने १९७६ साली स्टिंगरे बेसमध्ये प्रीॲम्प टाकला, पन्नास वर्षं होत आली, आणि या लोकांना अजून बॅटरी कुठे ठेवायची ते ठरवता आलेलं नाही.

बरं, जाते कशी तेही ऐका. एकदम बंद नाही पडत. आधी जोरात मारलेली नोट किंचित फाटते, तुम्हाला वाटतं साउंडवाल्याने गेन वर केला. मग सगळ्याच नोटा फाटतात, मग आवाज आत आत जातो. एका जत्रेत लावणी सुरू झाली, बाई स्टेजवर आल्या, पब्लिक उभं राहिलं आणि माझा बेस असा खरखरायला लागला की साउंडवाला मॉनिटरमधून ओरडतोय, ‘बेसवाले दादा, कॉर्ड बघा, कॉर्ड बघा.’ कॉर्ड ठणठणीत होती. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक जोक सांगत होता तेवढ्यात मी मोबाईलचा टॉर्च दातात धरून झाकण काढलं, बॅटरी बदलली, आणि चौथा स्क्रू स्टेजच्या फळ्यांच्या फटीतून खाली गेला. तीन स्क्रूंवर उरलेली रात्र काढली. नाइटचे पैसे मिळाले पण आयोजकाने देताना चेहरा केला तो केलाच.

त्यात पुन्हा ही बॅटरी टिकेचना. साधी स्वस्तातली टाकली की दहा-बारा दिवसांत खल्लास, अल्कलाइन टाकली तर फार तर दोन आठवडे, आणि तिची किंमत साधीच्या चार-पाचपट. बरं, कॉर्ड लावून ठेवली की बॅटरी चालूच राहते, पण तशी ठेवायची मला सवय नाही, ती माझी पहिल्यापासूनची शिस्त, वाजवून झालं की प्लग बाहेर. खटकायला लागलं ते वेगळंच, की ज्या पंधरवड्यात एकही सुपारी नव्हती आणि बेस बॅगेतून निघालाच नव्हता तेव्हासुद्धा बॅटरी मेलेली. वाजवलं तरी तेवढेच दिवस, न वाजवलं तरी तेवढेच. म्हणजे आत कोणीतरी सतत पीतंय.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर पहिला प्रश्न, सर तुम्ही केबल काढून ठेवता का. हो. मग बॅटरी कुठली टाकता. सांगितलं. मग म्हणे बॅटरी कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत येत नाही. अहो बॅटरी नका देऊ, ती कोण खातंय ते बघा! शेवटी बेस पॅक करून पाठवला, कुरिअर माझ्या खर्चाने, लग्नाच्या भर सीझनमध्ये मित्राचा बेस मागून वाजवत होतो, आणि परत आला तो ‘टेस्टेड ओके’ अशा चिठ्ठीसकट. वर बिलात एक नवीन बॅटरी लावलेली. दोन आठवड्यांनी तीही गेली. कॉर्ड लावून वाजवून बघितलं असणार, वाजला, झालं ओके. कॉर्ड काढल्यावर काय होतं ते मीटर लावून बघायचं कोणाला सुचलं नाही, आणि तेच तर मी फोनवर घसा फोडून सांगत होतो.

इथपर्यंतचा भाग मी मे महिन्यात लिहून ठेवला होता आणि शेवटी ‘अजिबात घेऊ नका’ असं ठोकलं होतं. ते वाक्य काढतोय. का ते पुढे.

पुण्यात तपकीर गल्लीच्या बाजूला एक काका ऑर्केस्ट्रावाल्यांचे ॲम्प आणि मिक्सर दुरुस्त करतात. त्यांनी गिटार कधी हातात धरली नसेल. बेस टेबलावर पालथा घातला, झाकण काढलं, बॅटरीची क्लिप एका टोकाला सोडवली आणि मधे मीटर लावला. कॉर्ड बाहेर, आणि काटा, म्हणजे डिजिटलच होता, दीड मिलीॲम्पच्या आसपास दाखवतोय. काका म्हणाले, ‘ही बंदच होत नाहीये.’ मग जॅककडे बघितलं. ॲक्टिव्ह बेसचा जॅक स्टिरिओ असतो, तीन पाय. बॅटरीची काळी वायर मधल्या रिंगच्या पायाला असायला हवी. आपण साधा मोनो प्लग घातला की त्याची लांब दांडी रिंग आणि ग्राउंडला जोडते, बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं, प्लग काढला की तुटतं. बॅटरीचा स्विच म्हणतात तो हाच, वेगळा काही नसतो. माझ्या बेसमध्ये काळी वायर कारखान्यातच थेट ग्राउंडच्या पायाला डकवलेली. म्हणजे प्रीॲम्प रात्रंदिवस चालू. अल्कलाइन साधारण पाचशे मिलीॲम्प-अवरची धरा, दीडने भागा, तीनशे तेहतीस तास, चौदा दिवस. हिशोब असा चपखल बसला की मला हसू आलं आणि रागही.

सोल्डर गरम केलं, वायर एका पायावरून दुसऱ्या पायावर, पुन्हा मीटर, शून्य. वडापाव-चहाचे पैसे होतील तेवढेसुद्धा काकांनी घेतले नाहीत, मीच बळजबरीने दिले. आता हे केल्यामुळे वॉरंटी गेली का राहिली ते मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

त्या दिवशी टाकलेली अल्कलाइन आख्ख्या गणपतीत पुरली, अजून चालू आहे.

आणि मग जेव्हा बॅटरीची धास्ती डोक्यातून गेली तेव्हा हा बेस नीट ऐकू यायला लागला, आणि मानलं पाहिजे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बेसला ॲम्प मिळत नाही, साउंडवाला पेटीतून एक जुनाट पॅसिव्ह डीआय (वाद्य थेट मिक्सरला जोडायचा डबा) काढतो, दे कॉर्ड म्हणतो आणि थेट मिक्सर. माझा जुना पॅसिव्ह बेस अशा डीआयमध्ये घातला की घोंगडं पांघरल्यासारखा वाजायचा, कारण तो डीआय पिकअपवर भार टाकतो आणि वरची सगळी धार जाते. लांब कॉर्ड असली की आणखी जाते. ॲक्टिव्ह बेसला हा त्रास नाही, प्रीॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स कमी, म्हणजे पुढच्या भाराने तो दबत नाही, त्यामुळे कसलाही डीआय द्या, वीस फुटांची कॉर्ड द्या, बोटाचा टप्पा तसाच्या तसा समोर जातो. म्हणजे ज्या बॅटरीला मी एवढ्या शिव्या दिल्या तीच हे काम करतेय. आता शिव्या फक्त ती ठेवलेल्या जागेला.

टोनचं म्हणाल तर बास नॉब मधोमध ठेवा, हात लावू नका. नवीन माणूस पहिलं काय करतो तर बास फुल. नऊ व्होल्टमध्ये तेवढी जागा नसते, प्रीॲम्प आधीच दम खातो, वरून साउंडवाल्याने साठ हर्ट्झला स्वतःची भर घातलेली असते, कीबोर्डवाल्याचा डावा हात त्याच पट्ट्यात धिंगाणा घालतोय, सगळं मिळून चिखल. मिड थोडा वर काढा. घरी एकटं वाजवताना नाकातून गायल्यासारखं वाटेल, पण बँडमध्ये नोट कळते ती तिथेच. कीबोर्डवाल्याला डावा हात आवर म्हणून सांगायचं धाडस असेल तर तेही करा, मी अजून करतोय. ट्रेबल मी जवळजवळ बंद ठेवतो, लाइट आणि साउंड एकाच जनरेटरवर असले की स्टेजवरच्या दिव्यांच्या डिमरची कुरकुर तिथूनच आत येते. हंबकरमुळे ती बरीच कमी आहे, आणि उरलेली गुणगुण डीआयचा ग्राउंड लिफ्ट (ग्राउंडची जोडणी तोडणारा स्विच) दाबला की बहुतेक वेळा जाते.

बाकी किरकोळ. वजन साडेचार किलोच्या वर, पट्टा रुंद घ्या. पावसात नेक थोडा वाकला, ॲलन कीने पाव फेरा दिला, बसला. ट्यूनर चांगले. सोबत आलेली बॅग ही बॅग नाही, धुळीपासूनचं संरक्षण आहे. सोबतच्या तारांमधली बी तार मेलेली होती, जाड सेट घातल्यावर ती ताणून बसली.

नवीन घ्यायला पूर्ण किमतीत मी सांगणार नाही, कारण कारखान्यात कुणी दोन सेकंद मीटर लावला असता तर हे सगळं झालंच नसतं, आणि तेवढं न करणाऱ्यांनी तेवढे पैसे का घ्यावेत. सेकंडहँड साठ टक्क्यांत मिळाला तर घ्या, पण विकणाऱ्याच्या घरी मीटर घेऊन जा, झाकण काढायला लावा आणि कॉर्ड न लावता करंट बघा. तो का-कू करायला लागला तर अजून दोन हजार पाडा. माझ्या बेसवर नवरात्रानंतर बाहेरून उघडणारा बॅटरी बॉक्स आणि पॅसिव्हसाठी पुश-पुल पॉट (ओढला की स्विचचं काम करणारा नॉब) बसवून घेणार आहे. काकांना विचारलंय, ते म्हणाले लाकूड मी कापणार नाही, ते सुताराकडून करून आण. तर कोणाला राउटर (लाकूड कोरायचं मशीन) चालवणारा आणि वाद्याचं लाकूड बघून हात न थरथरणारा सुतार माहिती असेल तर सांगा, पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडकडे, दसऱ्यानंतरची वेळ हवी.