सिलिकॉन ऑइल ३५०: नऊ महिने वापरून

भोसरीत आमचं रबर मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. दोन प्रेस, ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी), वॉशर, लोखंडी स्लीव्हवरचे (नळीवर रबर चिकटवलेले) बुश असली कामं. गेल्या दिवाळीपर्यंत रबर चिकटू नये म्हणून मोल्डला साबणाचं पाणी मारायचो. स्वस्त पडायचं, पण १६० अंशांवर त्याची राख डायच्या कोपऱ्यात बसायची आणि दर रविवारी मोल्ड घासणं आलंच. म्हणून ३५० सीएसटीच्या (सीएसटी हे तेलाच्या दाटपणाचं माप) सिलिकॉन ऑइलचा पाच लिटरचा कॅन आणला.

वास नाही, रंग नाही. थंडीत सकाळी सातला कॅन तिरका केला की जशी धार पडते, साधारण तशीच मे महिन्यातल्या दुपारी. १०० अंशांनाही त्याची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) १०० सीएसटीच्या वर टिकते. साधं मशीन ऑइल तिथं पार पाणी होतं. आता मोल्ड महिन्यातून एकदा साफ करतो. जॉब (तयार झालेला रबरी भाग) हाताने ओढला तरी सुटतो, स्क्रू ड्रायव्हर खुपसावा लागत नाही.

एवढं ऐकून कोणी लगेच ऑर्डर देऊ नका.

आमच्या मामांचा (प्रेसवरचे जुने ऑपरेटर) हिशोब सरळ होता: जास्त लावलं की जास्त चांगलं सुटणार. झालं उलटं. मोल्डमध्ये रबराचे दोन ओघ जिथं भेटतात तिथं सांधाच धरेना. ग्रोमेट बोटांनी ताणला की बारीक फट उघडायची. आता फडक्यावर चार थेंब, तेही पुसून घेतल्यासारखे.

खरा फटका बुशला बसला. तेलाच्याच हातमोज्यांनी अॅडहेसिव्ह लावलेल्या स्लीव्ह उचलल्या गेल्या. तपासताना एक बुश व्हाइसमध्ये धरून रबर सोललं, तर केळ्याच्या सालीसारखं निघालं आणि खाली लोखंड लख्ख. अख्खी बॅच भंगारात. दोष तेलाचा नाही म्हणा, काही चिकटू न देणं हेच त्याचं काम. पाण्याचा पृष्ठताण ७२ असेल तर याचा २१च्या आसपास, त्यामुळे ते बोटभर जागेवर न थांबता पसरत जातं. साबणाने धड निघत नाही. आम्ही पेट्रोलने दोनदा पुसतो, दर वेळी नवं फडकं.

मध्यंतरी स्प्रेची बाटलीही वापरून पाहिली. तिसऱ्या दिवशी शेजारचे पेंटवाले पॅनेल घेऊन दारात: उडालेल्या तेलाने रंगात गोल गोल खड्डे, ज्याला ते फिश आय म्हणतात. स्प्रे त्याच दिवशी बंद.

बाकी किरकोळ. कन्व्हेअरच्या चेनला लावून बघितलं, चार दिवसांत करकर सुरू; लोखंडावर लोखंड घासतं तिथं याचा उपयोग नाही. नायट्राइल रबराच्या ओ-रिंगला (गळती रोखणारी गोल कडी) मात्र झकास. सिलिकॉन रबरच्या रिंगला लावू नका, फुगते. फरशीवर थेंब सांडला की लगेच भुसा टाका, मी एकदा आपटलोय.

कॅनात अजून दीड लिटर आहे. संपला की पुन्हा हेच आणणार, फक्त बुशचा प्रेस परत साबणावर नेलाय. पेंटवाले अजूनही आत येत नाहीत, चहाला बाहेरूनच हाक मारतात.