युनोस रोडस्टर, आठ महिन्यांनंतर: 'इथलीच' म्हणून घेतली, निघाली जपानची

इंग्लंडमध्ये जुनी गाडी घेताना ती जपानहून आलीय का, हे स्टिअरिंग बघून कळत नाही. तिथेही ते उजवीकडेच असतं. मला १९९१ ची लाल टू-सीटर 'इथलीच माझदा एमएक्स-५' म्हणून विकली गेली. चालवायला इतकी गोड की मी त्याच दिवशी पैसे दिले.

पहिली शंका आली रेडिओमुळे. नव्वदच्या पुढचं एकही स्टेशन लागेना. जपानमधल्या जुन्या गाड्यांचा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झपर्यंतच असतो. मग बॉनेट उघडलं. इथे विकल्या गेलेल्या गाडीवर 'जेएमझेड'ने सुरू होणारा १७ अक्षरी चासी नंबर असतो. माझ्या गाडीच्या पत्र्यावर ठोकलंय 'एनए६सीई' आणि पुढे फक्त सहा आकडे. युनोस रोडस्टर, म्हणजे हीच गाडी जपानमध्ये ज्या नावाने विकली जायची ती. डावीकडच्या सीटपुढे पायाशी एक रिकामी क्लिप आहे. तिचा उपयोग मला कळत नव्हता. तिथे रस्त्यावर धोक्याची खूण म्हणून पेटवायची लाल नळकांडी अडकवतात. मागचा फॉग लाइटही बंपरखाली वेगळा लटकवलेला, वायर झिप-टायने बांधलेली. इथे १ एप्रिल १९८० पासूनच्या गाड्यांना तो सक्तीचा, म्हणून नंतर बसवलेला.

लॉगबुकात, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदात, तर सरळ लिहिलंय: आधी वापरलेली, उत्पादन १९९१, इथली नोंदणी कितीतरी वर्षांनंतरची. ती ओळ मी वेळेत वाचायला हवी होती.

सगळ्यात महत्त्वाचं, मीटर. डायलवर मैलांचे आकडे, रीडिंग ९६ हजार. मोटरवेवर कडेला छोट्या निळ्या पाट्या असतात, त्यांवरचे आकडे किलोमीटरमध्ये असतात. दोन पाट्यांमधला फरक बरोबर दहा होता आणि माझा ट्रिप मीटरही दहाच पुढे सरकला. म्हणजे डायलची फक्त चकती बदललेली; मोजणी अजून किलोमीटरमध्येच चालू आहे. गाडी ९६ हजार मैल नव्हे, साठएक हजार मैल चाललेली. माझा फायदाच झाला, पण एखाद्या गाडीत मधेच सबंध मीटर बदललेला असला तर हिशेब उलटा बसू शकतो, म्हणून ही तपासणी कराच.

गाडीबद्दल माझी तक्रार नाही. एसी आहे, पॉवर स्टिअरिंग आहे, आणि मागच्या चाकांजवळच्या सिल्स (दारांखालचा पत्रा), जिथे या मॉडेलला हमखास गंज धरतो, तिथे पत्रा अजून टणटणीत. कापडी छताच्या मागच्या कोपऱ्यांतल्या पाणी जायच्या नळ्या मात्र दर दोन महिन्यांनी साफ करतो. त्या तुंबल्या की पाणी थेट सिल्समध्ये उतरतं. विमा कंपनीला इम्पोर्ट असल्याचं कळवलं, हप्ता थोडा वाढला. ते लपवून क्लेम धोक्यात घालण्यापेक्षा परवडलं.

पुढच्या महिन्यात एमओटी, म्हणजे इथली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी, आहे. रीडिंग किलोमीटरमध्येच नोंदवा, असं तिथे आधीच सांगणार आहे.